मामाच्या वाटेवरची बावीस मिनिटं

लगीनसराई भरात आली की अनंताच्या खांद्यावर बेंजोच्या पट्ट्याचा वळ उठायचा. आधी लाल, मग काळा, आणि जूनमध्ये सापाची कात निघावी तशी कातडी निघून खांदा पुन्हा कोरा. २००४ सालचा मे अर्धा सरला तरी खांदा नुसता लालच होता. सुपाऱ्याच तेवढ्या नव्हत्या. शहापुरात दोन आणि मुरबाडला तीन डीजे झाले होते, आणि नवऱ्यामुलाच्या मित्रांना टेम्पोभर स्पीकर लागायचे. 'जय वाघोबा बेंजो पार्टी, शेणवा' हिला आता बोलवायचे ते ज्यांच्या घरात अजून म्हाताऱ्यांचा शब्द चालतो असे लोक. अशी घरं दरवर्षी एकदोनानं कमी होत होती.

त्यातच एका दुपारी बुधू आला. बुधू पार्टीचा ढोलवाला, अनंताहून चार वर्षांनी मोठा, चाळिशी ओलांडलेला. ओटीवर टेकला, रुपानं दिलेला तांब्या वरूनच घशात ओतला आणि तोंड पुसून म्हणाला, "डाक्टर म्हणतो ढोल सोड."

"कान?"

"उजव्यात रातकिडा बसलाय. दिवसापण वरडतो. आता तू बोलतोस ना, ते मी तुझ्या तोंडाकडं बघून समजतोय."

रुपा, म्हणजे अनंताची बायको, चुलीपासून म्हणाली, "बरं हाय तुमचं. माझं तर कुणी तोंडाकडं बघूनपण समजत नाय."

बुधू हसला, पण थोडंच. "जैतूनं आटगावच्या बंगल्यावर माझ्यासाठी शब्द टाकलाय. झाडांना पाणी घालायचं. एक जूनपासनं. धसईची सुपारी घेतलीय तेवढी वाजवतो, मग बस."

अनंता अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आणि मोठं?"

"राहिलं," बुधू म्हणाला. "राहतंच की काय काय."

'मोठं' म्हणजे काय, ते शेणव्यात तिघांनाच माहीत होतं. रुपाला धरलं तर चौघांना.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. रुपाचा भाऊ जैतू आटगावजवळच्या एका बंगल्यावर माळी होता. मालकाचा मुलगा शिकायला परदेशी गेला आणि त्याच्या खोलीतलं सामान खोक्यात भरून बाहेर निघालं. त्यातली एक व्हिडिओ कॅसेट जैतूनं उचलली आणि हिंदी सिनेमा असेल म्हणून दाजींना आणून दिली. गावात गणपतीला शहापुराहून टीव्ही-व्हीसीआर आणायचे. दोन सिनेमे झाले, लोक पांगले, आणि सकाळी व्हीसीआरवाला न्यायला यायच्या आधी अनंतानं ती कॅसेट आत ढकलली.

पडद्यावर एक मोठा हॉल, त्यात खच्चून माणसं, आणि मंचावर चार गोरे. बाकी काही नाही. ना गोष्ट, ना मारामारी, ना बाई. चौघं वाजवत होते आणि कॅमेरा त्यांच्या हातांवर, मानेवर, बोटांवर फिरत होता. पाच-सहा म्हातारे बसले होते ते उठले. "ही कसली फिल्लम रे, नुसती वाजवतायत. हे तर तुमीपण करता." राहिले ते तिघं. बेंजोवाला अनंता, ढोलवाला बुधू आणि कॅसिओवर बसणारा भगीरथ, जो तेव्हा नुकता बारावी नापास झाला होता.

कॅसेटवरची चिठ्ठी अर्धी फाटलेली होती आणि फिल्मच्या सुरुवातीला बँडचं नाव यायचं ते वेलबुट्टीच्या अक्षरांत. भगीरथनं ते तीन वेळा तीन तऱ्हांनी वाचलं. मग त्यांनी नाद सोडला आणि आपलीच नावं ठेवली. गाणारा उंच, हिरवट आणि काटकुळा, तो शेवगा. गिटारवाला मास्तर, कारण चुकलं की तो दुसऱ्याकडं बघायचा. जाड तारांचं गिटार घेऊन कोपऱ्यात उभा असायचा तो मुका. आणि ढोलवाला, लाल तोंडाचा, दंड फुगलेला, त्याला 'आपला बुधू' म्हणायचे. खरा बुधू यावर खूश होता. "माझ्यासारखाच घामट हाय," म्हणायचा. "याच्या अंगाचा वास मला इथवर येतो."

पुढं अनंतानं जुना व्हीसीआर घेतला आणि दर पावसाळ्यात, भाताची लावणी आटपली आणि वीज असली की तिघं जमायचे. भगीरथनं कल्याणच्या एका दुकानातून माहिती आणली की या वाजवण्याला रॉक म्हणतात आणि अशा फिल्मा पुष्कळ असतात. दुकानदारानं त्याला दुसऱ्या बँडची एक कॅसेटही दाखवली होती. पण तिघांना दुसरी नको होती. लोकांना देव बदलून चालत नाही तसंच ते.

रुपा एकदा कंटाळून म्हणाली, "तेच ते बघता. पुढं काय होतंय ते माहीत हाय ना? मग?"

"तुला भारूड माहीत नसतं काय? तरी बघतेस," भगीरथ म्हणाला.

"भारुडात सोंग तरी असतं. हे चौघं तर आंघोळपण करत नाहीत."

पण ती दारातून बघायची. आणि एके दिवशी भांडी घासता घासता तिनंच सांगितलं की तुमच्या मास्तरची डाव्या हाताची करंगळी कामाची नाही, तो तीनच बोटांनी वाजवतो. तिघांनी कॅसेट मागं घेऊन पाहिलं. खरं होतं. आठ पावसाळ्यांत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या फिल्ममध्ये काय होतं ते कुणी विचारलं असतं तर अनंताला सांगता आलं असतं, पण विचारलंच नाही कुणी. त्यातले लोक त्यांना बदल म्हणत नव्हते. एवढंच.

हळदीत बेंजो वाजवणाऱ्याला हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकावा लागतो. मुखडा झाला, एक अंतरा अर्धा झाला, की कुणीतरी तोंडात रुमाल धरून पुढं येतो आणि हात हलवतो, "बदल!" मग कोळीगीत. ते रंगतंय तोवर कुणाला नागीण हवी. नागीण जमिनीवर लोळतेय तोवर तिच्या मेव्हण्याला दुसरंच काही हवं. अनंताला दीडेकशे गाणी येत होती आणि त्यातल्या एकाचाही शेवट त्यानं लोकांपुढं कधी वाजवला नव्हता. काही गाण्यांना शेवट असतो हे तो विसरूनही गेला होता. आणि इथं हे चौघं बावीस मिनिटं एकच गाणं वाजवत होते. शेवगा सुरुवातीला चार ओळी म्हणायचा आणि मंचाच्या कडेला जाऊन खाली बसायचा. पुढं नुसतं वाजवणं. अर्ध्यावर आपला बुधू काठ्या खाली ठेवायचा, पाणी प्यायचा, मानेला टॉवेल लावायचा, आणि चार मिनिटं एकटा मास्तर तीन बोटांनी वाजवायचा. हजारो माणसं, पण हूं नाही की चूं नाही. मग ढोल परत यायचा, आणि आला की तिघंही चटईवरून अर्धे उठायचे. दर वेळी.

हेच ते मोठं. दोन पावसाळे घालवून त्यांनी ते बसवलं. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळा दाबून वाजवायची तारांची पेटी. तिच्यातून मास्तरचा सूर निघेना. एके दिवशी चुकून अँप्लिफायरचं बटण शेवटपर्यंत फिरलं आणि कर्णा फाटल्यासारखा ओरडला. हा फाटका आवाज येऊ नये म्हणून अनंता दहा वर्षं जपत आला होता. मास्तर नेमका तोच सूर हौसेनं काढत होता, हे त्याला तेव्हा समजलं. त्यानं बटण तिथंच राहू दिलं.

तर मोठं तयार होतं. ते एकदा, एकदाच, लोकांपुढं सबंध वाजवायचं, असं तिघांचं ठरलं होतं आणि चार लगीनसराया तशाच गेल्या होत्या. आता बुधू चालला होता. ढोल बदलता येतो, बुधू नाही. नवा गडी धरून दोन पावसाळे घालवावेत एवढं बळ अनंतात उरलं नव्हतं. धसईला झालं तर झालं.

अनंतानं लग्नाचा पूर्ण दिवस मनात मांडून पाहिला. मांडवात जमणार नाही. हळद लावताना जमणार नाही. वरातीला तर नावच नको. मग त्याला मोकळी जागा सापडली. हळदीच्या दिवशी दुपारी नवऱ्याचा मामा आहेर घेऊन येतो आणि त्याला वेशीवरून वाजत आणावं लागतं. या वाटेवर यजमानाकडचं कुणी नसतं, ते मांडवात वाट बघत असतात. बरोबर असतात ते मामाकडचे. ते पाहुणे, पहिल्याच पावलाला फर्माईश करायला लाजतात. सबंध लग्नात बेंजोवाल्याला कुणी बदल म्हणत नाही अशी वेळ तेवढीच. वेळ पक्की करायला धसईला गेला तेव्हा त्यानं घड्याळ लावून ती वाट चालून पाहिली. धसईच्या बाजाराच्या टोकाला भातगिरणी, तिथून मांडवापर्यंत नाचणाऱ्यांच्या चालीनं तेवीस मिनिटं.

"एक मिनिट उरतंय," तो बुधूला म्हणाला.

"त्यात मी मरून घेतो," बुधू म्हणाला.

हळदीच्या दिवशी चारला गिरणीपाशी मामाची गाडी थांबली. मामा पांढरी टोपी, पांढरा सदरा, घामानं पाठीला चिकटलेला. मागं आहेराची ताटं घेतलेल्या दहा-बारा बाया आणि पंधरा-वीस पुरुष. हातगाडीवर बॅटरी, अँप्लिफायर, कर्णा आणि भगीरथचा कॅसिओ. अनंतानं बटण शेवटपर्यंत फिरवलं, बुधूकडं पाहिलं. बुधूनं मान हलवली.

सुरुवात चांगली झाली. सूर कुणाच्या ओळखीचा नव्हता, पण ढोल नाचण्याजोगा होता, आणि माणसं ढोलावर नाचतात. दोन पोरी पुढं झाल्या. मामाच्या भावानं कमरेवर हात ठेवला. तीन मिनिटं, पाच मिनिटं, आठ. कुणी रुमाल काढला नाही. कुणी हात हलवला नाही. अनंताला उन्हाचं भान राहिलं नाही. अकराव्या मिनिटाला, जिथं थांबायचं तिथंच, एका पत्र्याच्या पडवीसमोर, बुधूनं शेवटचा ठोका मारला आणि काठ्या ढोलावर आडव्या ठेवल्या.

आणि सगळं शांत झालं.

अनंताचे डोळे अर्धे मिटलेले होते. तीन बोटांचं ते वाजवणं त्यानं सुरू केलं आणि त्याच्या कानांना कळलं की नाचणाऱ्यांच्या शिट्ट्या थांबल्यात, पायांचे आवाज थांबलेत, बायांचं बोलणंसुद्धा थांबलंय. रस्त्यावर तीसेक माणसं होती आणि हूं नाही की चूं नाही. ऐकतायत, त्याला वाटलं. हे ऐकतायत. गेल्या पंधरा वर्षांत एवढं सुख त्याला झालं नव्हतं. ते सव्वा मिनिट टिकलं, फार तर दीड.

मग त्यानं डोळे उघडले. मामानं टोपी काढून हातात धरली होती. बायांनी डोक्यावरून पदर ओढले होते. सगळे पत्र्याच्या पडवीकडं बघत होते आणि ताट घेतलेली, माहेर धसईचं असलेली एक म्हातारी शेजारणीला हळूच विचारत होती, "राघोबाबा गेला काय गो? कधी?"

तेव्हा अनंताचे हात थांबले. मिरवणूक चालू असताना वाटेत ढोल एकाच जागी बंद होतो. ज्या घरात मौत झालीय त्या घरासमोर. ते घर मागं पडलं की पुन्हा सुरू. हे शेणव्यापासून धसईपर्यंत शेंबड्या पोराला माहीत आहे, आणि अनंतानं आणि बुधूनं स्वतः ते शेकडो वेळा पाळलंय. इतक्यांदा की त्याचा विचार असा त्यांनी कधी केलाच नव्हता. त्यानं वाट मोजली होती, बॅटरी मोजली होती, ऊन मोजलं होतं. मोठं त्यांनी बसवलं ते घरात, चटईवर बसून.

पडवीतून एक बाई बाहेर आली. चाळिशीची, हाताला पीठ. या घरची सून, सुंदरा.

"कोण मेलंय?" ती म्हणाली. "माझ्या दारात ढोल कुणी थांबवला?"

"राघोबाबा..." म्हातारीनं सुरुवात केली.

"आत भाकर खातोय! आठ महिनं अंथरुणाला हाय, रोज हातानं भरवते मी त्याला. आणि तुमी दारात ढोल बंद करून पोचवताय?"

मामा टोपी डोक्यावर ठेवावी की नाही या घोळात पडला. "बाय, आमाला काय ठाव. बाजेवाल्यांनी थांबवला, आमाला वाटलं..."

सगळे अनंताकडं वळले. त्यानं खरं तेच सांगितलं. "गाण्यातच असं हाय."

"ढोल नाय असं कसलं गाणं?"

"इंग्रजी हाय काकी," भगीरथ मदतीला आला.

"इंग्रजांच्यात माणूस जिता असताना ढोल बंद करतात?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. सुंदरा हसली नाही. ती दमलेली दिसत होती. आठ महिने एका माणसाला भरवणाऱ्या बाईनं दिसावं तेवढी. तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि ओरडायचं सोडून सरळ बोलली. "बघा, जिथं तोडलाय तिथनंच जोडा. म्हाताऱ्याला बाहेर आणते. त्याच्यासमोर वाजवा, तो बस म्हणेपर्यंत. त्याशिवाय इथनं कुणी हलायचं नाय."

"बरोबर हाय," मामा म्हणाला. "असला अपशकुन घेऊन मांडवात कसं जायचं?"

आतून खुर्ची आली, मग राघोबाबा आला. सुंदरानं आणि मामाच्या भावानं त्याला उचलूनच आणलं. मे महिन्यात अंगावर घोंगडी, हनुवटीवर भाकरीचा तुकडा चिकटलेला. त्यानं एवढी माणसं बघितली आणि सुनेला विचारलं, "कुणाचं लगीन?"

बुधूनं काठ्या उचलल्या आणि अनंताकडं पाहिलं. काय वाजवू, असं ते बघणं होतं. नेहमीचा हळदीचा ठेका धरला असता तर कुणाचीच हरकत नव्हती.  अनंतानं बोटं कळांवर ठेवली आणि जिथं सोडलं होतं तिथूनच धरलं. बाईनं सांगितलं होतं तसंच.

मास्तरच्या एकट्याचं अजून अडीच मिनिटं शिल्लक होतं. तेवढा वेळ ढोल गप्प ठेवायची कुणाची छाती नव्हती, म्हणून बुधूनं खालून अगदी हळू, बोटांनीच, ठेका धरून ठेवला. फिल्ममध्ये असं नाही. मग ती जागा आली आणि बुधूनं काठ्या घातल्या. पुढची सात मिनिटं धसईच्या त्या रस्त्यावर कुणी नाचलं नाही, कुणी हललं नाही, कुणी बदल म्हटलं नाही. कुणाची टाप नव्हती. ताटं घेतलेल्या बाया पाय बदलत उभ्या होत्या. मामा घड्याळ बघत नव्हता, पण त्याला बघायचं होतं. राघोबाबाची नजर ढोलावर होती आणि सुंदराचा हात खुर्चीच्या पाठीवर.

शेवट आला. तिघं एकदम थांबले.

"बाबा, बस म्हणा," सुंदरा म्हणाली.

"झालं?" राघोबाबानं विचारलं.

"झालं. बस म्हणा."

"बस," राघोबाबा म्हणाला, आणि त्याला घोंगडीसकट आत नेलं.

मामानं टोपी घातली. मागून लगेच आवाज आला, "आता तरी नाचायचं वाजवा रे!" आणि बुधूनं कोळीगीताचा ठेका धरला. मांडवापर्यंत अनंतानं पाच गाणी बदलली.

चहा आला तेव्हा तिघं मांडवामागं, गवताच्या उडवीच्या सावलीत बसले होते. मामाकडच्या कुणीही काही विचारलं नव्हतं. यजमानाला उशिराचं कारण समजलं होतं, तो मान हलवून पुढच्या कामाला लागला होता.

"शेवटचं नीट झालं काय रे?" अनंतानं मोठ्यानं, बुधूच्या डाव्या बाजूला वाकून विचारलं.

"मला कुठं ऐकू येतं? तू जोर केलास की कानात नुसती शिट्टी. मी तुझ्या बोटांकडं बघून मारत होतो." बुधूनं चहा फुंकला. "तुला कसं वाटलं?"

अनंतानं आठवून पाहिलं. त्याला हनुवटीवरचा भाकरीचा तुकडा आठवला, तो पडतो की काय असं सबंध वेळ वाटत होतं ते. सुंदराच्या नखांतलं पीठ आठवलं. सूर एकही आठवला नाही. "मी म्हाताऱ्याकडं बघत होतो," तो म्हणाला.

दोघं भगीरथकडं वळले.

"माझ्याकडं काय बघता?" भगीरथ म्हणाला. "म्हाताऱ्याच्या दारात हातगाडी थांबली तेव्हा वायर निघाली. माझा कॅसिओ बंदच होता. मी नुसता हात हलवत होतो. त्या काकीसमोर थांबायची हिंमत झाली नाय."

बुधू पहिल्यांदा पोटभर हसला. मग हसणं संपलं.

"पण झालं ना?" अनंता म्हणाला.

"सगळं झालं," बुधू म्हणाला. "शेवटपर्यंत."

मांडवातून हाक आली. नवऱ्याला पाटावर बसवलं होतं. बुधूनं कपातला गाळ गवतात झटकला आणि ढोलाच्या दोऱ्या सैल करायला घेतल्या. एवढा वेळ उन्हात उभं राहून ढोलाचं कातडी पान फार ताणलं होतं, आणि अजून दोन तास वाजवायचं होतं.